कॉर्कमध्ये नानांनी काय काय खाल्लं

कॉर्कमध्ये कुठे जेवायचं हे विचारायचं असेल तर आमच्या शिरीषला विचारा. मला विचारू नका. मला ती यादी तोंडपाठ आहे, तारखांसकट, पण मी सांगणार नाही.

शिरीष माझा नवरा. नोकरी सॉफ्टवेअरमधली, पण जीव सगळा जिभेवर. पुण्याचं कोणी आयर्लंडला मास्टर्स करायला आलं, कोणाचे आईवडील आले, एनिस-लिमरिकचं कोणी शनिवारी गाडी काढून इकडे आलं, की मराठी ग्रुपवर हमखास मेसेज पडायचा, ‘शिरीषदादा, एक दिवस कॉर्क बघतोय, जेवायला कुठे जाऊ?’ मग याच्या अंगात यायचं. शेवटी वैतागून मीच म्हटलं, अरे, एकदा लिहून ठेव आणि तेच पाठव सगळ्यांना. त्याने लिहिलं. इंग्लिश मार्केटमध्ये कुठल्या बाजूने शिरायचं, मासे कुठे, चीज कुठे, नदीकाठच्या कोणत्या हॉटेलात खिडकीजवळचं टेबल मागायचं, कुठे नुसतं सूप घ्यायचं आणि उठायचं. जुनं शहर, बंदराचं, त्यामुळे प्रत्येक जागेला काहीतरी दोनशे वर्षांची हकिगत. तीही त्याने लिहिली. सतरा जागा होत्या. पुढे नाना आले आणि प्रत्येक जागेसमोर एक नवा रकाना आला, ‘नानांचा शेरा’.

नाना म्हणजे माझे वडील, दीनानाथ. कराडला त्यांची खानावळ. त्यांची म्हणजे त्यांची आणि मोहनकाकाची. नाना गल्ल्यावर, धाकटा भाऊ मोहन चुलीपाशी, अशी पस्तीस वर्षं. माझी आई मी दहावीत असताना गेली, तेव्हापासून नानांचं घर म्हणजे काका, वृंदाकाकू आणि काकांचा रोहित. एक घर, एक चूल, एक गणपती. काका नानांना दादा म्हणायचा आणि दिवसातून दहा वेळा भांडायचा.

फेब्रुवारी दोन हजार वीसला नाना तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आदल्या डिसेंबरात त्यांना दोन स्टेंट घातले होते, विश्रांती हवी होती. मार्चमध्ये सगळं बंद झालं. मे महिन्याचं तिकीट रद्द झालं आणि नाना अडकले. पहिले चार महिने त्यांनी आमच्या खिडकीतून पाऊस पाहिला आणि माझ्या हातचं खाल्लं. माझा हात कसा आहे हे ते कधी बोलले नाहीत, यावरून काय ते समजा.

जूनच्या शेवटी हॉटेलं उघडली. शिरीषला सणच. पहिल्याच शनिवारी नदीकाठच्या एका जागी गेलो. दारातल्या मुलीने मास्कआडून सांगितलं, पावणेदोन तासांत टेबल सोडायचं, नवीन नियम आहे. मी नानांना सांगितलं.

“पावणेदोन तास?” नाना म्हणाले. “आमच्याकडं पावणेदोन तासांत चार पंगती उठतात. इथं लोक झोपतात का काय जेवताना?”

नानांची हॉटेलात बसायची एक रीत होती. मुदपाकखान्याचं दार दिसेल अशी खुर्ची घ्यायची. ताट आलं की आधी खालून बोट फिरवून बघायचं, नीट धुतलंय का. वाढप्याचं तोंड बघायचं. वाढपी मनापासून हसत असेल तर मालक चांगला, हे त्यांचं शास्त्र. एक गोष्ट मात्र त्यांना शेवटपर्यंत पचली नाही, ती म्हणजे परत वाढायला कोणीच येत नाही. “एकदा आणून टाकलं की गेला तो गेलाच! माणूस पोटभर जेवला का नाही, विचारायची पद्धतच नाही का?” मग शिरीष बटाटे आणखी मागवायचा.

घरी आल्यावर मोबाईल तोंडासमोर आडवा धरून ते काकाला व्हॉइस मेसेज टाकायचे. “मोहन, आज काय खाल्लं माहितीये का?” तिथून पुढे चार-पाच मिनिटं. कराडहून उत्तर यायचं आणि नाना ते स्पीकरवर लावायचे. “दादा, गिळ काय गिळायचं ते, पण गोळ्या घे. आणि मला जळवू नको.” नऊ जुलैला नानांनी खोडी काढली. म्हणाले, “मोहन, तुझ्या माशाच्या कालवणाला आज पहिल्यांदा कोणीतरी मागं टाकलं बघ.” काकाचं उत्तर आलं, “मग तिथंच राहा.” हसत म्हणाला, आणि मग खोकला. नाना खूश. त्यांनी तो मेसेज तीनदा ऐकला.

बारा तारखेला काकाला ॲडमिट केल्याचं रोहितने मला कळवलं. मी म्हटलं, नानांना आत्ता नको सांगायला. बरे होऊन घरी आले की सांगू. हे मी इतक्या सहज म्हटलं, जसं दूध संपलंय म्हणावं. खोटं बोलायची सुरुवात अशीच होते, तेव्हा ते खोटं वाटतच नाही. रोहितने काकाच्या फोनवरून एक ओळ टाकली, ‘आवाज बसलाय, डॉक्टरांनी बोलू नको म्हणलंय.’ नानांना ते पटलं. काका ओरडायचाच तसा.

एकोणीस जुलै, रविवार. दुपारी किन्सेलला जायचं ठरलं होतं. समुद्राकाठचं गाव, शिरीषच्या यादीत नंबर चार, खेकड्यासाठी. नाना गाडीत जाऊन बसले होते, पट्टा लावून, मास्क हनुवटीवर. मी हॉलमध्ये एका पायात बूट घातला होता आणि फोन वाजला.

“ताई, बाबा गेले,” रोहित म्हणाला.

तो रडत नव्हता. त्याला अजून कळलंच नव्हतं बहुतेक. सांगत होता, की आत कोणाला सोडत नाहीत, नगरपालिकेची माणसं परस्पर नेणार आहेत, तो गेटपाशी उभा आहे, काकूला अजून नीट सांगितलेलं नाही. मग म्हणाला, “नानांना काय सांगू?”

“काही नको सांगू,” मी म्हटलं.

मीच म्हटलं. शिरीष शेजारी उभा होता. तो म्हणाला, “अशू, सांगायला हवं.” मी त्याच्या अंगावर धावूनच गेले. दोन स्टेंट आहेत, डॉक्टर काय म्हणाले विसरलास का, विमानं बंद आहेत, जाता येणार आहे का त्यांना, बघता येणार आहे का? नाही ना? मग सांगून काय करायचं? त्यांना इथे, या परक्या घरात, रडत बसवायचं? माझ्यापुढे तो लवकर गप्प बसतो. घरचा आणि सासरचा सगळा कारभार मीच बघते असं माझं मत आहे, आणि माझं मत असलं की ते सगळ्यांचं असतं.

“आज जायला नको, मग,” शिरीष म्हणाला.

“गेलो नाही तर विचारतील का नाही गेलो. चल.”

दुसऱ्या पायात बूट घातला आणि गेलो. नानांनी खेकडा खाल्ला. नांग्या फोडायचं ते अडकित्त्यासारखं हत्यार त्यांनी बाजूला ठेवलं आणि दातांनीच फोडल्या. बोटं चाटली. शेजारच्या टेबलवरची बाई कौतुकाने बघत होती. मीही खाल्लं. खरं सांगायचं तर मला चवही लागली. माणसाची जीभ फार निर्लज्ज असते.

पुढचे तेरा दिवस आम्ही जितकं बाहेर जेवलो तितकं आयुष्यात कधी जेवलो नसू. कारण सांगते. नाना घरी असले की फोन घेऊन बसायचे. बाहेर नेलं, समोर ताट ठेवलं, की फोन खिशात राहायचा. मी रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. आमच्याकडे कुठे काही चुकलं की आधी ते पसरू द्यायचं नाही, अडवायचं, मग बाकीचं बघायचं. मी तसंच केलं. आठवड्याची सुट्टी टाकली, शिरीष तसाही घरूनच काम करायचा. यादी होतीच. ती खालपर्यंत नेली. कोबच्या बंदरावर गेलो, शॅननच्या बाजूला एका खेड्यात गेलो, इंग्लिश मार्केटच्या वरच्या माडीवर बसून ड्रिशीन खाल्लं. ड्रिशीन म्हणजे रक्ताचं सॉसेज, इथलं जुनं गरिबाचं खाणं. सगळे पाहुणे नाक मुरडतात. नानांनी एक घास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. “अगं, ही तर रक्ती! फक्त कांदा-मिरची विसरलेत.” शिरीषने शेरा लिहून घेतला. लिहिता लिहिता तो थांबला आणि नानांकडे बघत राहिला. मी टेबलाखालून त्याला लाथ मारली.

तिकडे कराडला त्या दिवशी रोहित अस्थी आणायला गेला होता. मडक्यावर नंबर होता म्हणे, नाव नव्हतं.

नानांना मात्र वेगळंच काहीतरी वाटायला लागलं होतं. त्यांना वाटलं, मोहन रुसला. कालवणाचं बोललो ते त्याला लागलं. रोज संध्याकाळी ते फोन आडवा धरायचे आणि आता आवाजात मस्ती नसायची. “मोहन, मस्करी केली रे. तुझ्या रश्श्याची सर नाही कशाला.” दुसर्‍या दिवशी, “आज मटण खाल्लं. पण उगाच आपलं. उकडल्यासारखं. तू असतास तर परत पाठवलं असतंस.” मग थोडं थांबून, “काय झालं असलं तर सांग बाबा. असा अबोला धरू नको. मी काय कायमचा इथं राहायला आलोय का?”

हे मी शेजारच्या खोलीतून ऐकायचे. ऐकायचे आणि भांडी घासायचे. कितीदा वाटलं की जावं आणि सांगावं. पण एक दिवस गेला की दुसरा अवघड होतो. आज सांगितलं तर काल का नाही सांगितलं, याचं काय उत्तर देणार? तेरा दिवस झाले, मग महिना झाला. मी मनाशी ठरवलं की स्पेशल विमानात जागा मिळाली, नाना कराडला पोचले, की तिथे घरच्यांच्या गराड्यात त्यांना कळेल. तेव्हा सगळे असतील. माझं म्हणणं मला फार शहाणपणाचं वाटत होतं.

बावीस ऑगस्टला गणपती होते.

आमचा, म्हणजे शिरीषकडचा, छोटा शाडूचा गणपती त्याने घरीच केला होता. पुढच्या खोलीत फळीवर बसवला. नाना आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आले. आरती झाली. मोदक मी जेमतेम जमवले होते, तेही त्यांना आवडलेले दिसले. मग म्हणाले, “आता आपल्या घरचं दर्शन घेऊ. रोहितला व्हिडिओ लाव.”

महिनाभर मी आवाजाचं बघितलं, फोनचं बघितलं, काकूच्या कपाळाचं बघितलं. काकूला व्हिडिओवर येऊच दिलं नव्हतं. पण गणपतीचं माझ्या डोक्यातच आलं नाही. घरात माणूस गेलं की त्या वर्षी आमच्याकडे गणपती बसवत नाहीत. हे लहानपणापासून मला माहीत आहे, आणि मी विसरले. आयर्लंडमध्ये माझ्या घरी गणपती बसला होता, त्यामुळे तो सगळीकडे बसलाय असंच मी धरून चालले.

“तिथे नेटचा प्रॉब्लेम आहे नाना,” मी म्हटलं. “फोटो पाठवायला सांगते.”

स्वयंपाकघरात जाऊन रोहितला लिहिलं, ‘गेल्या वर्षीचा फोटो पाठव, पटकन.’ आला. मी नीट बघितला. मखर, मूर्ती, समया, केवडा. तारीख कुठे नव्हती. नानांच्या फोनवर पाठवला आणि बाहेर आले.

नाना चष्मा लावून बघत होते. नमस्कार केला. मग दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला.

“अशे,” ते म्हणाले, “हा हात माझा आहे.”

फोटोच्या कडेला एक मनगट होतं. निरांजन पुढे करणारं. त्यावर नानांचं काळ्या पट्ट्याचं जुनं घड्याळ. तेच घड्याळ आत्ता, माझ्यासमोर, फोन धरलेल्या हातावर होतं.

“हा मी. गेल्या साली. मग या सालचा कुठाय?”

शिरीष माझ्याकडे बघायला लागला. मी समईची वात उगाच पुढे सारली.

“आपल्या घरात गणपती दोनदाच चुकला,” नाना म्हणाले. “माझी आई गेली त्या साली, आणि तुझी आई गेली त्या साली. कोण गेलं?”

मी खाली बसले. “नाना, आधी गोळी घेता का?”

“कोण गेलं? वृंदा का?” आणि माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं. “मोहन?”

मी मान हलवली.

त्यांना काही झालं नाही. हेच तुम्हाला सांगायचंय. ज्या हृदयासाठी मी हे सगळं केलं त्या हृदयाला काही झालं नाही. ते शांतपणे उठले, आत गेले, नेसत्या कपड्यांनिशी थंड शॉवरखाली उभे राहिले. बाहेर आले ते ओल्या कपड्यांनीच. पुढच्या खोलीच्या दाराशी थांबले, फळीवर गणपती दिसला, तसे दोन पावलं मागे सरकले. सुतकातला माणूस गणपतीसमोर जात नाही. पॅसेजमध्येच उभे राहून म्हणाले, “तारीख सांग.”

“एकोणीस जुलै.”

“शिरीषराव, तुमची ती यादी आणा.”

शिरीषने माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच त्याने माझ्या होकाराची वाट पाहिली नाही. लॅपटॉप आणला. नाना म्हणाले, “वाचा. एकोणीसपासून.”

“नाना, नको,” शिरीष म्हणाला.

“वाचा.”

तो वाचायला लागला. एकोणीस जुलै, किन्सेल, खेकडा, लसणाचं लोणी. शेरा, ‘एक नंबर. परत येणे.’ वीस जुलै, नदीकाठी, मासा आणि बटाटे. एकवीस, इंग्लिश मार्केट, ड्रिशीन. शेरा, ‘आपली रक्ती. मोहनला सांगणे.’ नाना बोटांची पेरं मोजत होते. “तिसरा दिवस. अस्थी. पुढं.” बावीस. तेवीस. “पाचवा. पुढं.” अठ्ठावीस जुलै, कोकराचं मटण. “दहावा दिवस,” नाना म्हणाले. “मोहनचा पिंड ठेवला असेल पोरानं. आणि मी मटण. पुढं.” एकतीस जुलै, आइस्क्रीम, समुद्री मिठाचं. “तेरावा.”

मग लॅपटॉप बंद करा म्हणाले.

“नाना, तुम्ही जाऊ शकत नव्हता,” मी म्हटलं. एवढंच मला म्हणता आलं. “कोणीच काही करू शकत नव्हतं. रोहितलाही आत सोडलं नाही. तो गेटवर उभा होता. मी सांगून काय झालं असतं?”

“तेच म्हणतोय मी,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. “कुणाला काही करता आलं नाही. खांदा नाही, पाणी नाही, तोंड बघणं नाही. मला इथं बसून एकच गोष्ट करता आली असती. उपाशी राहता आलं असतं. एवढंच माझ्या हातात होतं, पोरी. आणि तू मला जेवायला घातलंस.”

मी रडायला लागले तेव्हा ते म्हणाले, “मी महिनाभर त्याची माफी मागत होतो. तू ऐकत होतीस.” मग स्वेटर चढवला आणि घराबाहेर गेले.

लांब गेले नाहीत. आमच्या घरासमोर कमरेएवढी भिंत आहे, शेजारच्या नोरीनच्या आणि आमच्या अंगणामधली. त्या भिंतीवर बसले. आकाश भरून आलं होतं, भुरभुर सुरू होती. मी छत्री घेऊन गेले, घेतली नाही. ताट घेऊन गेले. गोडाचं नाही, मीठ घातलेला वरणभात. बघितलंही नाही.

“नाना, शुगर पडेल. गोळ्या आहेत. दोन घास खा.”

“सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. पहिला घास बाहेरचं माणूस आणतं. कडू घास. ठाऊक नाही का तुला?”

“मी बाहेरचीच आहे नाना. लग्न होऊन दुसऱ्या घरची झाले. मला सुतक नाही. माझ्या हातचा चालतो.”

माझी ही हुशारी बघा. त्या वेळीसुद्धा मी नियमातून वाट काढत होते. नाना माझ्याकडे वळले.

“ज्या दिवशी द्यायचा त्या दिवशी खेकडा दिलास,” ते म्हणाले आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले.

मी ताट आत नेलं. स्वतः काही खाल्लं नाही. सकाळी नैवेद्याआधी काही घेतलं नव्हतं आणि नंतर वेळच आली नाही. नानांनी मात्र मोदक खाल्ला होता, तो आठवला आणि पुन्हा भडभडून आलं. शिरीषने रोहितला फोन लावून सगळं सांगितलं. रोहितने गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, उशिरा कळलं तर तीन दिवस पाळायचं. तीन दिवस! मी खिडकीतून बघत होते. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, ओलं धोतर, वरून शिरीषचा निळा स्वेटर, पाय भिंतीवरून खाली सोडलेले. रस्त्यावरून जाणारे लोक मान हलवून पुढे जात होते. दोन तास गेले, तीन तास गेले.

चारच्या सुमाराला नोरीन बाहेर आली. नोरीन ऐंशीच्या घरातली, एकटी. लॉकडाऊनमध्ये तिची आणि नानांची रोज भिंतीवरून गप्पांची बैठक असायची. नानांचं इंग्लिश चार शब्दांचं आणि नोरीनचं कॉर्कचं इंग्लिश मलाही अर्धंच कळतं, पण त्यांचं छान चालायचं. ती त्यांना डीन म्हणायची. पाऊस पडत असला तरी ‘ग्रँड डे, डीन’ म्हणायची आणि नाना म्हणायचे, ‘ग्रँड, ग्रँड.’

आज ती ग्रँड म्हणाली नाही. सहा फुटांवर उभी राहिली आणि विचारलं, काय झालं. नानांनी छातीवर हात ठेवला. “माय ब्रदर,” ते म्हणाले. आणि हात वर केला, आकाशाकडे.

नोरीनने कपाळ-छातीवर बोटांनी क्रॉस काढला. “सॉरी फॉर युअर ट्रबल, डीन,” ती म्हणाली. इथे सगळे हेच म्हणतात, मयताला जाऊन हात हातात घेऊन हेच चार शब्द. ती ते म्हणाली आणि तिथेच उभी राहिली, पावसात. मी खिडकीत उभी होते. माझ्या लक्षात आलं की काका गेल्याचं दुःख नानांपाशी येऊन व्यक्त करणारं हे पहिलं माणूस. पस्तीस दिवसांत पहिलं. मी नव्हते, शिरीष नव्हता.

मग ती आत गेली. पंधरा-वीस मिनिटांनी परत आली तेव्हा हातात एक ट्रे होता, वर फडकं झाकलेलं. इकडे कोणाकडे मयत झालं की आजूबाजूचे असंच करतात. सँडविच, पाव, चहा घेऊन दारात येतात. घरच्यांना स्वयंपाक करू देत नाहीत. मी धावत बाहेर गेले. तिला सांगायला हवं होतं की मांस चालणार नाही.

“हॅम नाही ना त्यात?” मी विचारलं.

“नाही गं, ब्राउन ब्रेड आहे, सकाळीच भाजलाय. आणि चहा. इतक्या घाईत दुसरं काय करणार?” ती म्हणाली. तिने ट्रे भिंतीवर ठेवला आणि नियमाप्रमाणे मागे सरकली. “बिचारा. कधी गेला त्याचा भाऊ?”

मी तोंड उघडलं. खरी तारीख सांगावी की काय करावं हे मला कळेना. पाच आठवडे झाले म्हटलं तर ती विचारणार, मग आज का?

“टुडे,” नाना म्हणाले.

नोरीनने पुन्हा क्रॉस काढला. मला खोडून काढता आलं नाही. नानांनी फडकं बाजूला केलं. पावाचा एक तुकडा मोडला, थोडा बाजूला भिंतीवर ठेवला, मग उरलेला तोंडात घातला. लोणी लावलेलं होतं ते त्यांनी बोटाने पुसून टाकलं होतं. चावत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, घास गिळवत नव्हता, तरी चावत होते. आईच्या वेळीसुद्धा मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. मी पुढे झाले, त्यांच्या पाठीवर हात ठेवायला. त्यांनी खांदा थोडासा आखडला. एवढासाच. मी हात काढून घेतला.

नोरीनला आमच्यातलं काय कळणार? तिने माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा रडून सुजलेला, केस विस्कटलेले. तिला वाटलं, पोरीचा काका गेलाय.

“तूही घे गं थोडा,” ती म्हणाली. “दिवसभर पोटात काही नसेल तुझ्या.”

खरंच नव्हतं. मी ट्रेकडे हात केला.

नानांनी मान वर केली नाही. तोंडातला घास तसाच ठेवून, तिला कळावं म्हणून सावकाश, आपल्या चार शब्दांच्या इंग्लिशमध्ये म्हणाले, “नो. शी एट ऑलरेडी.”